प्रूफं वाचताना कानात काय असावं: गेम आणि ॲनिमेच्या वाद्यसंगीताचा माझा अनुभव

ज्याचं काम शब्दांचं आहे त्याने कामाच्या वेळी शब्दांचं गाणं लावू नये, हे माझं ठाम मत. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छपाईआधीची प्रूफं वाचून चुका काढते. पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक, एरवी पुस्तकं, मधूनच एखाद्या सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल. ‘दिन’ की ‘दीन’, ‘शिर’ की ‘शीर’ हे डोळ्यांनी पकडायचं असलं, तरी ओळ मनातल्या मनात उच्चारल्याशिवाय ते सापडत नाही. त्याच वेळी कानात दुसरं कुणी काही म्हणत असेल, तर वेलांटी हमखास निसटते.

बरं, लालबागला शांतता आणायची कुठून? समोरच्या पुनर्विकासाचं पायलिंग (जमिनीत पायाचे खांब घालणं) सकाळी सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत. ऑगस्ट लागला की शनिवार-रविवारी परळच्या कार्यशाळांतून गणपतीच्या मूर्ती निघतात, आगमनाचे ढोल-ताशे आणि बेंजो रस्त्यावर येतात. ते मला मनापासून आवडतं, मी खिडकीत उभी राहून बघते. पण दिवाळी अंकांची प्रूफंही नेमकी त्याच दिवसांत येतात आणि संपादकांना फर्मा (छपाईच्या पानांचा एक गठ्ठा) संध्याकाळपर्यंत परत हवा असतो. म्हणून कानावर हेडफोन आणि त्यात शब्द नसलेलं काहीतरी, ही माझी गरज आहे. गेली काही वर्षं ती व्हिडिओ गेम आणि जपानी ॲनिमे (तिथले ॲनिमेशनचे सिनेमे आणि मालिका) यांच्या वाद्यसंगीतावर उत्तम भागते आहे. त्यातलं कुठलं चालतं, कुठलं नाही आणि का, ते लिहिते.

आधी सतार-संतूर का नाही ते सांगते, कारण हे मला प्रत्येक जण विचारतो. आमच्या घरी शास्त्रीय संगीत रोज ऐकलं जायचं. त्यामुळे आलाप चालू असेपर्यंत माझं वाचन ठीक चालतं, पण तबला आला की कान समेची वाट बघायला लागतात. ‘झाला’, म्हणजे शेवटचा जलद भाग, सुरू होईपर्यंत तर पेन खाली ठेवलेलं असतं. ते संगीत समोर बसून ऐकण्याचं आहे, त्याला कामाच्या पाठीमागे ढकलणं मला जमत नाही आणि पटतही नाही. बासरीवर वाजवलेली भावगीतं त्याहून घातक. शब्द कुणी गात नाही, पण ते आपल्या डोक्यात आहेतच. बासरी पहिली ओळ वाजवते आणि दुसरी आपण मनात म्हणून मोकळे होतो. म्हणजे नुसते शब्द नसून भागत नाही, धून अनोळखी असणंही तितकंच गरजेचं.

ही वाट मला भाच्याने दाखवली. तो कांदिवलीहून रोज लोकलने येतो, पवईच्या एका कंपनीत कोडिंग करतो. त्याला माझं रडगाणं ऐकवलं तर म्हणाला, “मावशी, तू माइनक्राफ्टचं लाव. त्यात काही होतच नाही.” हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं आणि ते अगदी बरोबर निघालं.

माइनक्राफ्ट हा खणत, ठोकळे रचत जग उभारायचा गेम. त्याचं सुरुवातीचं संगीत डॅनिएल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराचं. तो ‘सी फोर एटीन’ या नावाने संगीत काढतो. ‘व्हॉल्यूम अल्फा’ हा पहिला अल्बम २०११ चा, ‘व्हॉल्यूम बीटा’ २०१३ चा. अल्फामध्ये २४ तुकडे आहेत आणि सगळे मिळून साधारण तासभर. बहुतेक ठिकाणी पियानोचे मोजके सूर, मागे सिंथेसायझरचा पातळ थर. ‘वेट हँड्स’मध्ये तर एकटा पियानो आहे, दीड मिनिटाचा. ‘माइस ऑन व्हीनस’ हळू सुरू होतं, मध्यावर भरून येतं आणि पुन्हा ओसरतं. मोठी पुरवणी वाचताना मला हे सगळ्यात मानवतं, कारण ते भरून येणं इतकं सावकाश आहे की मान वर करावीशी वाटत नाही. ‘स्वीडन’ हा त्यातला सर्वांत लाडका तुकडा, साडेतीन मिनिटांचा.

आता एक बारकावा. प्रत्यक्ष खेळात हे संगीत सलग वाजतच नाही. एक तुकडा संपला की दहा-वीस मिनिटं काही नाही, नुसता कुदळीचा आणि पावलांचा आवाज, आणि मग कधीतरी अचानक पियानो. खेळणाऱ्या मुलांना ते इतकं जवळचं का वाटतं, त्याचं मोठं कारण ही मधली रिकामी जागा आहे असं मला वाटतं. अल्बम सलग लावला की ती जागा नाहीशी होते. मी म्हणून एक युक्ती करते: प्लेलिस्टमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर पाच मिनिटांची शांततेची फाइल टाकली आहे. हेडफोन बंद पद्धतीचे असतील तर या मोकळ्या मिनिटांतही बाहेरचं पायलिंग बरंचसं बाहेरच राहतं. आणि यादीतून ‘थर्टीन’ आठवणीने काढा. तो गुहेतला घुमणारा, दचकवणारा आवाज आहे, रात्री एकटीने प्रूफं वाचताना नको. ‘कॅट’ गोड आहे पण उड्या मारतं, तेही मी काढलं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ‘व्हॉल्यूम अल्फा’ घेतला, ते वाचून मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला.

हे संगीत कामाला का चालतं, याचं उत्तर ते कशासाठी बनतं यात आहे. सिनेमाचा संगीतकार ठरलेल्या मिनिटांसाठी लिहितो. गेमच्या संगीतकाराला खेळणारा त्या जागी दोन मिनिटं थांबणार की दोन तास, हेच माहीत नसतं. म्हणून तुकडा शेवटाकडून पुन्हा सुरुवातीला असा जोडायचा की सांधा कळू नये. आणि पन्नासाव्यांदा ऐकतानाही तो नकोसा होता कामा नये, कारण नकोसा झाला तर पोरगं आवाज बंद करणार. कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं संगीत केलं तेव्हा यंत्राकडे सूर धरायला जेमतेम तीन आवाज होते आणि तालासाठी एक खरखर. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा, माझ्या एका पानाच्या पीडीएफहूनही लहान. नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांच्या दारातून मे महिनाभर तीच धून यायची आणि कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मारिओ लावून मी प्रूफं वाचू शकत नाही, ते फार चपळ आहे. पण हात आणि डोळे दुसरीकडे गुंतलेल्या माणसासाठी लिहिलेलं संगीत ही परंपरा तिथपासूनची आहे.

यातून मला एक कसोटी सापडली. गेममधलं ठिकाणांचं संगीत घ्यावं, प्रसंगांचं घेऊ नये. गाव, शेत, माळरान, नदीकाठ, दुकान, नकाशावरचा प्रवास यांचं संगीत चालतं. लढाई, खलनायक, मृत्यू, विजय यांचं चालत नाही. ऐकायला सोपी वाटते, पण अल्बम विकत घेताना किंवा ॲपवर लावताना हीच गोष्ट हुकते, कारण अल्बममध्ये सगळं एकापाठोपाठ असतं. ‘फायनल फँटसी’ ही मालिका १९८७ पासूनची, तिचे मूळ संगीतकार नोबुओ उएमात्सु. त्यांच्या गावांच्या धुना मला फार प्रिय आहेत. पण गावानंतर लगेच लढाईचा तुकडा येतो, त्यानंतर विजयाची तुतारी, की झालं, ओळ हरवली. १९९७ च्या सातव्या भागातलं ‘वन-विंग्ड एंजल’ तर लॅटिन शब्द गाणाऱ्या समूहासकट अंगावर येतं. संगीत म्हणून जबरदस्त आहे, शब्दकोश उघडून बसलेल्या माणसासाठी नाही. उएमात्सुंच्या धुनांचे पियानोवरचे वेगळे अल्बम निघाले आहेत, ते त्या मानाने बरे, पण त्यांतूनही लढाया निवडून काढाव्या लागतात.

या कसोटीवर पूर्ण उतरणारा गेम म्हणजे ‘ॲनिमल क्रॉसिंग’. यात लढाई नाहीच. छोटं गाव, शेजारी, मासेमारी, झाडाची फळं. खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं आणि दिवसाच्या प्रत्येक तासाला वेगळी धून आहे. २०२० च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये तर प्रत्येक तासाच्या धुनेचं निरभ्र आकाशाचं, पावसाचं आणि बर्फाचं अशी वेगळी रूपं आहेत. मी तास पाहून ती ती धून लावते. सकाळी सातची धून उत्साही, दुपारी दोनची जरा सुस्त, आणि पहाटेच्या धुनेत सूर इतके विरळ की दोन सुरांमध्ये एक वाक्य वाचून होतं. माझ्या कामात याचा खरा फायदा असा, की घड्याळाकडे न बघता वेळ कळते. धून बदलली म्हणजे तास संपला, उठायचं, पाणी प्यायचं, डोळे मिटून दोन मिनिटं बसायचं. पूर्वी मी तीन-तीन तास उठायचे नाही आणि संध्याकाळी मान धरायची. जुलैत, बाहेर खरोखर कोसळत असताना, मी पावसाच्या धुना लावते. तेव्हा हेडफोनच्या आतलं आणि बाहेरचं एकमेकांना बाधत नाही. हा माझा पहिल्या पसंतीचा संग्रह आहे.

त्याच्या जवळपास जाणारं ‘स्टारड्यू व्हॅली’. २०१६ चा हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केला, चित्रं, कथा, संगीत सगळं. संगीत ऋतूंप्रमाणे आहे. वसंत आणि उन्हाळ्याचे तुकडे खेळकर आहेत, ते मी अक्षरजुळणीच्या हिशेबासाठी आणि ई-मेलांसाठी ठेवले आहेत. हिवाळ्याचे मात्र वाचनाला चालतात. ‘झेल्डा’ या गेम-मालिकेतल्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चं माळरानावरचं संगीतही असंच, पियानोचे चार-सहा सूर आणि मग वारा. ‘हॉलो नाइट’ या गेममधलं, ख्रिस्तोफर लार्किन यांचं, ‘सिटी ऑफ टिअर्स’ हे कायम पाऊस पडणाऱ्या शहराचं संगीत आहे. त्यात एक स्त्रीस्वर आहे, शब्द नाहीत. तेवढं मला चालतं.

आवाज आहे पण भाषा नाही, यावरून ‘नीअर’ या गेम-मालिकेचं सांगायला हवं. केइची ओकाबे यांचं संगीत, एमी इव्हान्स यांचा आवाज, आणि गाण्यांतले शब्द मुद्दाम रचलेल्या, अस्तित्वात नसलेल्या भाषांमधले. भाच्याचं म्हणणं, “अर्थच नाही म्हटल्यावर तुला काय त्रास?” मला त्रास होतो. कोल आणि वेल्श या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. इंग्रजी बोलणाऱ्यांना अक्षरं ओळीने लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन वाचन लावलं. भाषा कळत नसतानाही त्यांच्या चुका वाढल्या. कानाला बोलण्यासारखं काही लागलं की मनातलं उच्चारण अडखळतं, अर्थ कळो न कळो. माझा अनुभव तंतोतंत असाच आहे. ‘नीअर’ मी भांडी घासताना ऐकते आणि तेव्हा ते अप्रतिम वाटतं.

ॲनिमेच्या संगीताबद्दल मी जास्त चोखंदळ आहे, कारण ते मुळात गोष्टीला जोडलेलं असतं, तिथे कुणीतरी रडतंय किंवा धावतंय. संगीतकार जो हिसाइशी यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या सिनेमाच्या सुरुवातीचा पियानो मी कामाला लावत नाही. पहिल्या चार सुरांतच मी प्रूफातून उठून त्यातल्या नायिकेबरोबर, त्या मुलीबरोबर, गाडीत जाऊन बसते. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) ची तीन मात्रांची धून सिनेमाभर वेगवेगळ्या रूपांत येत राहते आणि कान तिला शोधत बसतो. हिसाइशी काम संपल्यावर, चहा घेऊन, दिवा मालवून ऐकावेत. त्यांना पाठीमागे बसवू नका.

मला कामाला उपयोगी पडलं ते ‘मुशिशी’. २००५ ची मालिका, संगीत तोशिओ मासुदा यांचं. घंटांचे लांब घुमणारे आवाज, मध्ये भरपूर जागा. मालिकेचे २६ भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वेगळी रचना वाजते. त्या शेवटच्या रचनांची मी वेगळी यादी केली आहे, कवितांची पानं तपासताना ती लावते. कवितेत ओळ कुठे तुटते, स्वल्पविराम कवीचा की जुळणी करणाऱ्याचा, हे बघायला मन फार सावध ठेवावं लागतं, आणि हे संगीत त्यात लुडबुड करत नाही. सुरुवातीचं गाणं इंग्रजी आहे, ते वगळा. याच मासुदांचं पहिल्या ‘नारुटो’चं संगीतही आहे, पण माझा भाचा त्यावर काम करू शकत नाही. तो लहानपणी ते बघत वाढला, प्रत्येक तुकड्याला त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी मरतं. मला तो त्रास नाही, मी ते पाहिलेलं नाही. बासरीवरच्या भावगीताचाच हा प्रकार. तेव्हा ज्याच्या त्याच्या यादीत फरक पडणार, आणि माझी यादी तुम्हाला जशीच्या तशी चालेल असं नाही.

‘सामुराई चॅम्प्लू’ (२००४) मध्ये जपानच्या एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) सामुराईंना हिप-हॉपची साथ आहे. त्यातले नुजाबेस यांचे तुकडे, विशेषतः ‘अरुआरियन डान्स’, गिटारची एक छोटी जुनी ओळ आणि तिच्याखाली संथ ठेका. नुजाबेस २०१० मध्ये गेले. आज अभ्यासाला म्हणून तासन्‌तास लावतात त्या संगीताच्या मुळाशी त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. ठेका ठाम असल्यामुळे हे वाचनाला नाही, पण दुरुस्त्या फाइलमध्ये चढवताना अतिशय छान. श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीतून आजच्या युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार एक घर सरकलेले असतात, ‘ऱ्या’चा ‘र्या’ झालेला असतो, आणि ते एकेक करून सुधारत जाणं हे हाताचं काम आहे. त्या कामाला ठेका हवा. गायलेले एक-दोन तुकडे अल्बममध्ये आहेत, ते काढा. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ (२०१८) च्या इव्हान कॉल यांच्या संगीतात टाइपरायटरचा खटखटाट वाद्यासारखा वापरला आहे, कारण नायिका लोकांची पत्रं टाइप करून देते. कल्पना मला फार भावली. कामाला मात्र ते थोडं जास्त भावुक होतं. ‘अटॅक ऑन टायटन’, ‘काउबॉय बिबॉप’मधलं ‘टँक!’ ही व्यायामाची आणि लादी पुसण्याची गाणी, इथे त्यांचा विषय नाही.

ऐकायचं कसं, हे थोडक्यात. फुकट ॲप वापरत असाल तर दर काही मिनिटांनी जाहिरात बोलायला लागते, आणि तीही मोठ्याने. सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यापेक्षा अल्बम विकत घ्या. सी फोर एटीन, लार्किन आणि बॅरोन यांचं संगीत बँडकॅम्प या संकेतस्थळावर थेट मिळतं, फाइल आपल्याजवळ राहते, जाहिरात नाही, नेट गेलं तरी फरक नाही. मारिओ, ‘झेल्डा’ आणि ‘ॲनिमल क्रॉसिंग’ काढणाऱ्या निंटेंडोने २०२४ मध्ये स्वतःचं संगीत ॲप काढलं, त्यात एखादा तुकडा तासापर्यंत लांबवायची सोय आहे, मात्र त्यांचं सशुल्क सदस्यत्व लागतं. ही सोय बाकीच्यांनीही द्यायला हवी, कारण लूपसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहण्यासाठी, लिहिलेला तुकडा अल्बममध्ये दोन फेऱ्या मारून विरत जातो आणि तो विरणारा शेवट लक्ष वेधून घेतो.

आगमनाच्या मिरवणुकीशी मात्र कुठलंच संगीत लढू शकत नाही, आवाज वाढवून कानांचं नुकसान करू नका. त्या दिवशी मी पहाटे पाचला बसते आणि दुपारपर्यंत फर्मा संपवते. सुरुवात करायची असेल तर ‘ॲनिमल क्रॉसिंग’ची पहाटेची धून घ्या, त्यापाठोपाठ ‘व्हॉल्यूम अल्फा’. आवाज इतकाच ठेवा की दारावरची बेल ऐकू येईल. आमच्याकडे प्रूफं घेऊन येणारा मुलगा तीन मजले चढून येतो, त्याला दारात ताटकळत ठेवणं बरं नव्हे.